वऱ्हाडातील नटाचे उतारवय : बहिरमच्या यात्रेपासून बोलपटापर्यंत

उतारवयाला लागलेला, विस्मरणात गेलेला नट आणि पुन्हा एकदा प्रेक्षकांसमोर उभे राहण्याची त्याची धडपड हा विषय मराठी नाटक, चित्रपट आणि लघुपट यांनी गेल्या अर्धशतकात पुष्कळदा हाताळला असला, तरी ही धडपड ज्या परिस्थितीतून जन्मते ती परिस्थिती फारशी जुनी नाही. पूर्वीचा नट म्हातारा होत नसे असे नव्हे. परंतु म्हातारपण आल्यावर तो ज्या धंद्यात होता त्या धंद्यातच त्याची जागा बदलत असे, आणि जो गेलाच नाही त्याच्या परतण्याचा प्रश्न उद्भवत नसे. नटाचे वय आणि त्याचा धंदा यांच्यातील हे नाते कसे पालटले हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा वऱ्हाडातील एखादा तालुका अधिक उपयोगी पडतो, कारण मोठ्या शहरात करमणुकीचा नवा प्रकार आला की जुना लवकर दृष्टीआड होतो, तर तालुक्याच्या गावी दोन्ही बराच काळ शेजारी नांदतात. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हा असा तालुका आहे. गावातली दंडार, यात्रेतला तमाशाचा फड, अमरावतीच्या मुक्कामाला येणारी नाटक मंडळी आणि तंबूतला बोलपट या चारही तऱ्हा विसाव्या शतकात येथील माणसाच्या आटोक्यात होत्या, आणि त्यातील प्रत्येकीने म्हाताऱ्या नटाची सोय किंवा गैरसोय वेगळ्या रीतीने केली.

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. एकाच्या नावापुढे रेल्वे लागते, दुसऱ्याच्या नावापुढे बाजार. हा भेद करमणुकीच्या इतिहासात बिनमहत्त्वाचा नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला तो जिल्ह्याच्या दक्षिण भागातून. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी नॅरोगेज गाडी, जिला पुढे शकुंतला हे नाव पडले, १९१३ मध्ये सुरू झाली आणि तीही चांदूर बाजारच्या पश्चिमेकडून गेली. चांदूर बाजारला रेल्वे आली ती अमरावती-नरखेड मार्गामुळे, एकविसाव्या शतकात. त्यामुळे पडदे, पेट्या, कपडेपट आणि पन्नास-साठ माणसांचा लवाजमा घेऊन रेल्वेने फिरणाऱ्या संगीत नाटक मंडळ्यांना हे गाव सोयीचे नव्हते, तर बैलगाडीत बसणारा तमाशाचा फड आणि पुढे मोटारीवर लादता येणारा फिरता सिनेमा यांना ते सहज गाठता येत होते. पैशाची वाण मात्र या मुलखाला नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला जी मागणी आली तिने अमरावती आणि खामगाव येथील बाजारपेठा नावारूपाला आणल्या. तेव्हापासून वऱ्हाडी कुणब्याच्या हातात वर्षातून एकदा, वेचणीनंतर, रोख पैसा येऊ लागला, आणि करमणुकीचा हंगामही त्याच सुमारास ठरू लागला.

या हंगामाचे केंद्र म्हणजे बहिरमची यात्रा. चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाचे स्थान आहे. बहिरम म्हणजे भैरव, आणि त्याच्या मूर्तीला लोणी व शेंदूर चढवण्याची प्रथा आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारी ही यात्रा महिनाभराहून अधिक चालते, आणि विदर्भात इतका दीर्घ मुक्काम असलेली दुसरी यात्रा दाखवणे कठीण आहे. वऱ्हाडातील आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील कुटुंबे येथे राहुट्या ठोकून राहत, गोवऱ्यांवर रोडगे भाजत (रोडगा म्हणजे जाड्याभरड्या कणकेचा निखाऱ्यात भाजलेला गोळा), मातीच्या हंडीत मटण शिजवीत आणि शेतीची अवजारे, घोंगड्या, भांडी खरेदी करीत. एक-दोन दिवसांच्या जत्रेत फड आला तरी एक रात्र वाजवून पुढे जातो. बहिरमसारख्या ठिकाणी मात्र त्याला आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहता येत असे, आणि त्यामुळे रोज नवा वग लावावा लागे. रोज नवा वग लावायचा तर ज्यांना जुने वग पाठ आहेत अशी माणसे फडात असणे भाग होते. म्हाताऱ्या नटाची किंमत येथून सुरू होते.

मात्र फडाआधी दंडारीचा विचार करणे योग्य ठरेल, कारण नटाच्या वयाकडे पाहण्याची वऱ्हाडी दृष्टी तेथे घडलेली दिसते. दंडार हे विदर्भातील गावोगावी शेतकऱ्यांनीच उघड्यावर करावयाचे लोकनाट्य असून त्यात गाणे, नाच, सोंग आणि संवाद यांची सरमिसळ असते व स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेतात. तिचे नट धंदेवाईक नसतात. पीक घरात आले की ते नट होतात आणि पेरणीच्या वेळी पुन्हा शेतकरी. असा नट पंधराव्या वर्षी गवळण झाला, तर तिसाव्या वर्षी राजा होई आणि पन्नाशीनंतर ढोलकी किंवा झांज हाती घेऊन मागे उभा राही. त्याने रंगभूमी सोडली असे कोणी म्हणत नसे आणि त्यालाही तसे वाटत नसे. कलगी-तुरा या शाहिरी सवाल-जवाबाच्या परंपरेत, जिथे कलगीवाले शक्तीचे आणि तुरेवाले शिवाचे श्रेष्ठत्व मांडतात, वय तर उघडपणे भांडवलच ठरे, कारण प्रतिपक्षाचा कूटप्रश्न सोडवायला गळ्यापेक्षा पाठांतर अधिक लागते आणि ते वस्तादाजवळ असते. या दोन्ही प्रकारांत प्रेक्षक नटाला जन्मापासून ओळखत असे. त्याचे पिकलेले केस ही नवलाची गोष्ट नव्हती.

तमाशाच्या फडात धंदा आला आणि त्याबरोबर श्रेणी आली. फडाचा मालक तो सरदार. त्याच्या हाताखाली ढोलकीवाला, तुणतुणेवाला, सुरात सूर मिसळून ओळ झेलणारे झीलकरी, सोंगाड्या म्हणजे विनोदी नट, राजापार्टी म्हणजे वगातला नायक, आणि नाचणारीण किंवा, पूर्वीच्या काळी, बाईचे काम करणारा नाच्या. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग या क्रमाने रात्र पुढे सरकते. या रचनेतील सर्वांत मार्मिक जागा गवळणीतल्या मावशीची आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची ही म्हातारी म्होरकी पुरुषाने करावयाची असते, आणि तरुणपणी ज्याने नाच्या म्हणून नाव कमावले त्याला उतारवयात हे काम आपसूक लाभे: कंबर तीच, मुरका तोच, पण आता हशा मिळवण्यासाठी. वयाची थट्टा करून वयालाच कामाला लावणारी ही योजना कोणा एकाने आखलेली नाही, परंतु तिच्यामागचा व्यवहार पक्का आहे. राजापार्टीचा घसा बसला की तो वग बसवून देई, तालीम घेई, तिकिटाच्या पेटीवर बसे. तरीही दंडार आणि तमाशा यांतील एक अंतर विसरता येत नाही. दंडारीच्या नटाला मागे शेत होते. फडातले बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी या जातींमधले, ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, आणि हंगामाआधी सरदाराकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यात ज्यांची पुढची वर्षे बांधलेली असत. म्हातारपणी फडातच राहण्यात मानाइतकाच निरुपायही होता.

नाटक मंडळ्यांची व्यवस्था याहून प्रतिष्ठित, पण मुळात फार निराळी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने १८८० मध्ये संगीत नाटकाचे युग सुरू केले आणि पुढची पन्नास वर्षे वऱ्हाड हा मंडळ्यांच्या दौऱ्यातील कमाईचा टप्पा राहिला. अमरावतीत दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) यांच्यासारखे सधन वकील नाटकाचे शौकीन होते. 'इंद्रभुवन' हे नाट्यगृह होते, ज्यात १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. नाटककारही येथलेच होते. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' १९१३ मध्ये केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने आणि 'रणदुंदुभी' १९२७ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली करता करता नाटके लिहीत होते. चांदूर बाजारच्या प्रेक्षकाला ही नाटके पाहायची तर अमरावतीला किंवा अचलपूरला जावे लागे, आणि कापूस विकायला गेलेल्या माणसाला ते अवघड नव्हते.

मंडळी म्हणजे केवळ नाटक करणारी संस्था नव्हे, तर एकत्र राहणारे, एकत्र जेवणारे फिरते बिऱ्हाड. तिच्यात आठ-दहा वर्षांचा मुलगा दाखल होई, आधी बालपार्ट, मग आवाज फुटेपर्यंत किंवा त्यानंतरही स्त्रीपार्ट, मग पुरुषभूमिका, पुढे म्हाताऱ्यांची कामे आणि अखेर तालीममास्तरकी किंवा व्यवस्थापन, अशी त्याची वाटचाल असे. पगार थकत, मालक बदलत, मंडळ्या फुटत. तरी पंगतीत पाट असे. सर्वच मंडळ्या इतक्या उदार होत्या असे मानण्याचे कारण नाही, आणि आजारी नटाला मागच्या मुक्कामावर सोडून पुढे गेल्याच्या तक्रारी नटांच्या आत्मचरित्रांतून वाचायला मिळतात. परंतु व्यवस्थेचा कल नटाला ठेवून घेण्याकडे होता, कारण शिकवलेला माणूस पुन्हा घडवण्यापेक्षा आहे तो वापरणे स्वस्त पडे. छापील संहिता क्वचित हाताशी असलेल्या काळात चाली, हालचाली आणि प्रवेशांचे बारकावे जुन्या नटाच्या अंगातच साठवलेले असत.

स्त्रीपार्टी नटाच्या वयाचा प्रश्न मात्र या व्यवस्थेलाही सोपा नव्हता. पुरुषाने स्त्रीरूप घेणे ही गोष्ट वऱ्हाडी मनाला परकी नव्हती. चांदूर बाजार तालुक्यातीलच माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरकन्या आणि कृष्णपत्नी मानून कुंकू, मंगळसूत्र, वेणी धारण करीत, आणि त्यांच्या हयातीतच, १९०५ मध्ये, नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल होऊन स्त्रीभूमिका करू लागले होते. एकाचे भक्तीतील आणि दुसऱ्याचे रंगभूमीवरील स्त्रीत्व यांची तुलना फार ताणू नये. एवढेच की दोन्हीकडे पाहणाऱ्याने डोळ्यांपुढच्या देहापलीकडे पाहावे अशी अपेक्षा होती. बालगंधर्वांच्या प्रेक्षकाने ही अपेक्षा असामान्य निष्ठेने पाळली. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने सुटलेल्या नटात तो सिंधू आणि भामिनी या नाटकांतील नायिका पाहत राहिला, कारण त्याचा अर्धा जीव डोळ्यांत आणि अर्धा कानांत होता.

बोलपटाने हा करार मोडला. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आल्यावर मंडळ्यांचा प्रेक्षक झपाट्याने ओसरला, हे सर्वज्ञात आहे. नटाच्या वयाच्या दृष्टीने मात्र कॅमेरा हे कारण जितके महत्त्वाचे, तितकेच मंडळीचे विसर्जन महत्त्वाचे. चित्रपटासाठी नटाला त्या चित्रपटापुरते घेतले जाते. त्यात पंगत नाही, बालपार्टपासून तालीममास्तरकीपर्यंतची शिडी नाही, आणि एकदा रीळ तयार झाले की नटाच्या अंगात साठवलेल्या कौशल्याची कोणाला गरज उरत नाही. शिवाय पडद्यावर समीपदृश्य असते, ज्यात चेहरा भिंतीएवढा दिसतो आणि सुरकुती लपत नाही. वय लपवण्याची सोय गेली, आणि वय झाल्यावर बसायची जागाही गेली.

स्वतः बालगंधर्वांनी ही कसोटी दिली. कर्जाने वाकलेल्या आपल्या गंधर्व नाटक मंडळीला सावरण्यासाठी त्यांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. पुरुषवेशातील बालगंधर्व प्रेक्षकांना फारसे रुचले नाहीत आणि प्रभातशी जुळलेले नाते एका चित्रपटापुढे गेले नाही. पुढे ते गोहरबाई कर्नाटकी यांच्या साथीने रंगभूमीवर परतले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळूनही १९६७ मधील मृत्यूपर्यंतची त्यांची अखेरची वर्षे आजारपणात आणि चणचणीत गेली. त्याच प्रभातने 'धर्मात्मा'नंतर पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, दुसऱ्या एका माजी स्त्रीपार्टी नटाला उभे केले. विष्णुपंत पागनीस यांचे स्वदेश हितचिंतक मंडळीतील दिवस केव्हाच सरले होते आणि ते मुंबईत संगीत शिकवीत होते; विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'मध्ये ते तुकाराम झाले आणि मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली. एकाला जे जमले नाही ते दुसऱ्याला का जमले, याचे उत्तर अभिनयगुणात शोधण्यापेक्षा स्मृतीत शोधावे लागते. बालगंधर्वांचे रूप प्रेक्षकांच्या मनात आधीच पक्के होते आणि नवे रूप त्याच्याशी ताडून पाहिले गेले. पागनीसांना पडद्यावर येताना कोणत्याही जुन्या पागनीसांशी स्पर्धा करावी लागली नाही. पुनरागमन ज्याला म्हणतात त्यातील सर्वांत यशस्वी प्रकार तोच असतो, ज्यात प्रेक्षकाला तो पुनरागमन वाटतच नाही.

चांदूर बाजार परिसरात बोलपट दीर्घकाळ पाहिला गेला तो तंबूत. फिरता सिनेमा, ज्याला सर्वत्र टुरिंग टॉकीज म्हणत, यात्रेच्या हंगामात कनात लावून, जनरेटरवर प्रक्षेपण यंत्र चालवून खेळ करीत असे, आणि बहिरमची लांबलेली यात्रा ही त्याला पर्वणीच होती. तंबूत येणारी प्रत शहरात चालून, झिजून, तुटून जोडली गेल्यानंतर येत असे. म्हणजे चित्रपट अनेक वर्षांचा जुना, आणि त्यातला नट तेवढीच वर्षे तरुण. शेजारच्या राहुटीत मावशीचे काम करणारा साठीचा नाच्या आणि या कनातीत पंचवीस वर्षांचाच राहिलेला नायक, अशी दोन प्रकारची वये एकाच मैदानावर, एकाच रात्री पाहायला मिळत. पहिल्या नटाचे वय प्रेक्षकांबरोबर वाढत होते. दुसऱ्याचे थांबले होते, आणि ज्याचे पडद्यावरील वय थांबले आहे त्याला प्रत्यक्षातील म्हातारपण माफ होत नाही. उतारवयातील नटाची आधुनिक शोकांतिका या फरकात आहे.

या फरकाची किंमत ज्याने पुरेपूर मोजली असा नट अमरावतीतच जन्मला होता. भगवान आबाजी पालव, म्हणजे मास्टर भगवान किंवा भगवानदादा, यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीचा. वडील गिरणी कामगार, आणि कुटुंब मुंबईच्या गिरणगावात स्थिरावल्याने वाढ दादर-परळच्या चाळींत झाली. मूकपटांपासून सुरुवात करून त्यांनी कमी खर्चाचे मारधाडपट काढले, १९४१ मध्ये 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला, १९४२ मध्ये जागृती पिक्चर्स आणि १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभारला. शहरातील उच्चभ्रू समीक्षकाने ढुंकून न पाहिलेले हे मारधाडपट कामगार वस्तीत आणि गावोगावच्या तंबूत चालत. राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिल्यावर त्यांनी 'अलबेला' (१९५१) काढला. नायक, निर्माता आणि दिग्दर्शक तेच, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे. खांदे किंचित उडवीत, पावले जेमतेम हलवीत केलेला त्यांचा नाच देशभर गाजला, आणि त्याचे मूळ शोधायचेच तर ते परदेशी नृत्यशाळेत नव्हे, गिरणगावातील गणपतीच्या मिरवणुकीत शोधावे लागते.

पुढची घसरण वेगाने झाली. 'झमेला' (१९५३) 'अलबेला'च्या आसपासही पोहोचला नाही. किशोर कुमार यांना घेऊन आरंभलेला 'हंसते रहना' अपुरा राहून त्यात भांडवल बुडाले. स्टुडिओ गेला, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि भगवानदादा दादरच्या चाळीत परत आले. यानंतर सुमारे चार दशके ते चित्रपटांत काम करीत राहिले, हे त्यांच्या कहाणीत सहसा दुर्लक्षिले जाते. नायकाच्या मित्राची, हवालदाराची, गर्दीतल्या नाचणाऱ्याची कामे ते करीत. पुष्कळदा त्यांना 'अलबेला'तील तोच नाच चार पावलांपुरता करायला सांगितले जाई. तमाशातील नाच्या मावशी होतो तेव्हा तो जुन्या कौशल्याचे नवे सोंग करतो. भगवानदादांना मात्र स्वतःच्याच जुन्या सोंगाची नक्कल करावी लागली. ते चित्रपटसृष्टीतून बाहेर गेले नव्हते, पण आत असूनही त्यांचे नाव उच्चारले जाई ते गेलेल्या माणसासारखे. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये शेखर सरतांडेल यांच्या 'एक अलबेला' या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली.

भगवानदादांच्याच हातून घडलेल्या एका अपघाताने दुसऱ्या एका कलावतीला वयाआधीच वयस्कर केले, ही गोष्ट या संदर्भात नोंदवण्याजोगी आहे. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांना ललिता पवार यांना थप्पड मारायची होती. ती प्रमाणाबाहेर जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कारकीर्द तिथे संपली. ललिताबाईंनी तिशीच्या अलीकडे-पलीकडेच सासूच्या, खाष्ट बाईच्या आणि आईच्या भूमिका पत्करल्या, 'अनाडी'साठी (१९५९) फिल्मफेअर पुरस्कार मिळवला आणि १९८७ मध्ये दूरदर्शनच्या 'रामायण'मधील मंथरेपर्यंत त्या देशाच्या घराघरांत माहीत राहिल्या. म्हातारपण लवकर स्वीकारल्यामुळे त्यांना परतण्याची वेळ आली नाही. जुन्या मंडळीतील शिडी त्यांनी एकटीने, संस्थेच्या आधाराशिवाय, स्वतःसाठी बांधली असे म्हणता येईल. भगवानदादांना ती बांधता आली नाही, कारण त्यांची लोकप्रियता भूमिकेत नव्हती, एका विशिष्ट देहबोलीत होती.

मराठी रंगभूमीने उतारवयातील नटाच्या या प्रश्नाला नाट्यरूप दिले ते वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये. धि गोवा हिंदु असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी त्याचा पहिला प्रयोग केला. नाटकाचा नायक, वृद्ध नट गणपतराव बेलवलकर झाले होते डॉ. श्रीराम लागू, आणि दिग्दर्शक होते नागपूरच्या रंगभूमीवरून पुढे आलेले पुरुषोत्तम दारव्हेकर. नाटकाचा आरंभ सत्काराने आणि निवृत्तीने होतो, याकडे प्रेक्षकाचे लक्ष क्वचित जाते. किर्लोस्कर-गंधर्वांच्या काळातला नट निवृत्त होत नसे. निवृत्ती ही कचेरीतून आलेली कल्पना आहे, आणि बेलवलकर ती नटाच्या आयुष्यात आणतात तिथेच त्यांचे दुर्दैव सुरू होते. पुढे घर जाते, मुले दुरावतात, परंतु आधी गेलेली असते ती मंडळी. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा अनेक नटांनी नंतर ही भूमिका केली, आणि वयस्कर नटाला नाव मिळवून देणारी भूमिका म्हणून ती स्वतःच एक संस्था झाली. ज्याला परतायचे आहे त्याने परतू न शकणारा नट करावा, अशी ही चमत्कारिक सोय आहे.

पूर्व विदर्भात मात्र जुनी व्यवस्था पुरती मोडली नाही. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र असून धान घरात आल्यावर तेथील कंपन्या गावोगावच्या मंडईसाठी, म्हणजे जत्रेसाठी, रात्रभराची नाटके करतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेली पद्मश्री ही याच रंगभूमीवरील दीर्घ सेवेची पावती होती. कंपनी जिवंत असल्याने तेथील वयस्कर नटाला बापाची, पाटलाची, विनोदी म्हाताऱ्याची कामे मिळत राहतात. वऱ्हाडात तशी स्थानिक धंदेवाईक कंपनी रुजली नाही, आणि त्याचे कारण अभिरुचीत शोधणे चुकीचे ठरेल. कापसाचा रोख पैसा बाहेरचे चांगले मागवू शकत होता. ज्याला किर्लोस्कर मंडळी आणि पश्चिम महाराष्ट्रातला फड परवडतो तो गावची दंडार मोठी करण्याच्या खटाटोपात पडत नाही. बाहेरून येणारे यायचे थांबले तेव्हा हातात काहीच उरले नाही. बहिरमच्या यात्रेतील तमाशांवर अश्लीलतेच्या तक्रारींमुळे निर्बंध आले आणि ते तंबू उठले. फिरता सिनेमा दूरदर्शन संच आणि व्हिडिओ यांच्यापुढे टिकला नाही. यात्रा भरते, रोडगे आणि हंडी आहेत, मावशीची राहुटी नाही.

धंद्याने सोडलेली जबाबदारी सरकारने उचलली ती मानधनाच्या रूपाने. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना तेव्हाच्या मुंबई राज्यात १९५४-५५ मध्ये सुरू झाली. चांदूर बाजार त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर वऱ्हाड मुंबई राज्यात आले. आज राजर्षी शाहू महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या योजनेत साधारणपणे पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या गरजू कलावंताला दरमहा मानधन मिळते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक असे कलावंतांचे तीन वर्ग करून वेगवेगळी रक्कम दिली जाई, ती २०२४ मध्ये सरसकट ५,००० रुपये करण्यात आली. हे वर्ग असताना दंडारीचा झांजवाला अर्थातच तिसऱ्यात पडे. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतिपदके मिळाली होती आणि तरीही २००२ मध्ये त्यांचा शेवट हलाखीत झाला, हे लक्षात घेतले तर पहिल्या वर्गातील असणेही फार मोठे संरक्षण नव्हते.

मानधनाच्या अर्जाला कलेतील कारकिर्दीचा पुरावा जोडावा लागतो: प्रमाणपत्रे, छायाचित्रे, कात्रणे, हस्तपत्रके. चित्रपटातील नटाचे नाव श्रेयनामावलीत असते आणि संगीत मंडळीतील नटाचे जाहिरातीत सापडते. तमाशाच्या हस्तपत्रकावर सरदाराचे आणि प्रमुख नर्तकीचे नाव ठळक असते, सोंगाड्याचे कधी असते, झीलकऱ्याचे आणि मावशीचे बहुधा नसते. दंडारीचे तर हस्तपत्रकच निघत नाही, कारण गावाला तिची वर्दी द्यावी लागत नाही. परिणामी ज्या प्रकारांनी आपल्या म्हाताऱ्या नटाला शेवटपर्यंत सामावून घेतले, त्यांच्याच नटाला तो नट होता हे तालुक्याच्या कचेरीत सिद्ध करणे सर्वांत कठीण जाते, आणि गावातील समवयस्कांची तोंडी साक्ष हाच त्याचा एकमेव दस्तऐवज उरतो.